उमेदवारीचे मोल जाणणारे महाराज

इ. स. १८७५ च्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यातून काशीराव गायकवाड आपल्या मुलांना घेऊन बडोद्यास गेले. बडोद्याची गादी तेव्हा रिकामी होती. मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने त्याच वर्षी एप्रिलमध्ये पदच्युत केले होते आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना गायकवाड घराण्यातील एखादा मुलगा दत्तक घेण्याची मुभा दिली होती. काशीरावांचा मुलगा गोपाळ बारा वर्षांचा होता. इथे कशासाठी आलास, असे विचारल्यावर राज्य करण्यासाठी आलो, असे उत्तर त्याने दिले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला तरी पुढची गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि शेतकरी कुटुंबातील गोपाळरावांचे सयाजीराव झाले. चार प्रांतांत विखुरलेले, सुमारे २१ लाख प्रजेचे राज्य या मुलाला काही वर्षांनी चालवायचे होते. त्याची तोवरची अक्षरओळख मात्र जेमतेमच होती.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांची ओळख आपल्याकडे सहसा विद्येचे आश्रयदाते, सक्तीच्या शिक्षणाचे प्रवर्तक आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देणारे राजे अशी करून दिली जाते. ती यथार्थच आहे. परंतु त्यांच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे आणि कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत दर वर्षी प्रशिक्षण वर्गांना बसणाऱ्या आजच्या वाचकाला ती विशेष जवळची वाटावी. माणसाला कामासाठी तयार कसे करावे, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. आधी ते स्वतः शिकणारे होते, नंतर शिकवण्याची व्यवस्था करणारे झाले. या दोन्ही भूमिकांत त्यांना यश आले आणि अपयशही आले. त्या यशापयशाची कारणे शोधू गेल्यास प्रशिक्षण कोठे फळते आणि कोठे वाया जाते, याचा एक चांगला धडा हाती लागतो.

एका राजाची उमेदवारी

दत्तकविधानानंतर राज्यकारभार सर टी. माधवराव यांच्या हाती आला. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे आणि मग इंदूरच्या होळकरांचे दिवाण होते. बडोद्याच्या दप्तरातली अनागोंदी निस्तरत असताना अल्पवयीन महाराजांच्या शिक्षणाकडेही त्यांना लक्ष द्यायचे होते. त्यासाठी एफ. ए. एच. एलियट या इंग्रज सनदी अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

एलियट यांच्यापुढचे काम अवघड होते. इतर राजपुत्रांचे शिक्षण ज्या वयात बरेच पुढे गेलेले असे, त्या वयात सयाजीरावांचा श्रीगणेशा व्हायचा होता. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, त्यांच्याबरोबर गणित, इतिहास, भूगोल, शिवाय व्यायाम, कुस्ती आणि घोडेस्वारी, असा भरगच्च दिनक्रम आखला गेला. महाराजांना एकटे बसवून न शिकवता सोबत काही मुलेही शिकायला ठेवली गेली. राजवाड्यात वाढणाऱ्या मुलाभोवती खुशमस्कऱ्यांचा गराडा पडतो. त्यापासून त्यांना दूर ठेवण्याचा प्रयत्न एलियट यांनी केला. गुरुशिष्यांचे हे नाते पुढेही टिकले. महाराजांनी सत्ता हाती घेतल्यावर राज्यातील जमीन महसुलाच्या पाहणीचे मोठे काम त्यांनी याच शिक्षकाकडे सोपवले.

तथापि पाठ्यपुस्तकांचे शिक्षण कितीही चांगले झाले तरी राज्य चालवण्याचे शिक्षण त्याहून वेगळे असते. ते देण्यासाठी माधवरावांनी एक उपक्रम हाती घेतला आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. महाराजांना अधिकार मिळण्याच्या आधी, १८८१ मध्ये, त्यांनी स्वतः महाराजांपुढे व्याख्यानांची एक मालिका दिली. राजाने आरोग्य कसे सांभाळावे, वाड्याच्या खर्चाला मर्यादा कशी घालावी, मर्जीतल्या माणसांपासून सावध कसे राहावे, मंत्र्यांशी आणि इंग्रज सरकारशी कसे वागावे, असे त्यांचे विषय होते. ही व्याख्याने नंतर ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपात छापली गेली. माधवरावांच्या जोडीने निरनिराळ्या खात्यांच्या प्रमुखांनीही आपापल्या खात्याचे कामकाज महाराजांना समजावून दिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर हा एका माणसासाठी भरवलेला प्रशिक्षण वर्ग होता. तो साधला याची कारणे उघड आहेत. शिकवणारा माणूस तेच काम त्या क्षणी स्वतः करीत होता. महसुलावर बोलणारा अधिकारी महसूल गोळा करीत होता आणि मंत्र्यांविषयी बोलणारा स्वतः दिवाण होता. शिकणाऱ्याला हे ज्ञान कशासाठी हवे आहे, याविषयी कोणालाच शंका नव्हती. शिवाय वर्ग संपल्यावर शिकलेले कधी तरी उपयोगी पडेल म्हणून वाट पाहत बसण्याची वेळ आली नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले आणि नुकतेच ऐकलेले सारे दुसऱ्याच दिवसापासून कसाला लागले.

ऐकलेले आणि पाहिलेले

या शिक्षणातल्या उणिवाही लवकरच दिसल्या. माधवरावांची व्याख्याने अनुभवाची होती, पण ती एका मुरब्बी दिवाणाची दृष्टी देत होती. ती दृष्टी तरुण राजाची असेलच, असे नव्हते. पुढच्याच वर्षी माधवरावांनी दिवाणपद सोडले. महाराजांनी मग राज्याच्या प्रांतांत दौरे सुरू केले. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे राज्याचे चार प्रांत सलग नव्हते. मध्ये इंग्रजांचा आणि इतर संस्थानिकांचा मुलूख पसरलेला होता. दौऱ्यांत त्यांनी खेडी पाहिली, वहिवाटदारांच्या कचेऱ्या पाहिल्या, रयतेची गाऱ्हाणी ऐकली. कागदावर नीटनेटका दिसणारा कारभार गावात पोचेपर्यंत काय रूप घेतो, हे व्याख्यानांतून कळणे शक्य नव्हते. ते या फिरतीत कळले.

या काळात त्यांनी स्वतःवर घेतलेला भार अतोनात होता. बारीकसारीक बाबींचे कागदही ते स्वतः पाहत. त्यातच १८८५ मध्ये पहिल्या पत्नी चिमणाबाई यांचे क्षयाने निधन झाले. अतिश्रमाने त्यांची झोप उडाली, प्रकृती ढासळली आणि वैद्यकीय सल्ल्याने १८८७ मध्ये त्यांना युरोपला जावे लागले. परदेशगमन तेव्हा धर्माला सोडून मानले जात असे. तरीही त्यानंतर ते वारंवार परदेशी गेले. लांबून राज्य चालवायचे तर कामे विश्वासाने सोपवता येतील अशी माणसे हवीत, ही निकड यातून आणखी तीव्र झाली असावी. राजाने सारे काही स्वतः करून चालत नाही. करणारी माणसे तयार करावी लागतात आणि ती आयती मिळत नाहीत. येथून पुढे सयाजीरावांच्या कारकिर्दीत शिकवण्याच्या व्यवस्थेला जे स्थान मिळाले, ते समकालीन संस्थानांत क्वचितच दिसते.

खात्याखात्यांतून फिरवलेला तरुण

१८९२ च्या अखेरीस महाराज लंडनला असताना केंब्रिजमध्ये शिकलेल्या एका बंगाली तरुणाची त्यांच्याशी गाठ घालून देण्यात आली. सनदी सेवेची लेखी परीक्षा हा तरुण उत्तीर्ण झाला होता, पण घोडेस्वारीच्या चाचणीला हजर न राहिल्याने त्याची निवड झाली नव्हती. महाराजांनी दरमहा २०० रुपये पगारावर त्याला आपल्या सेवेत घेतले. हे होते अरविंद घोष, पुढचे योगी श्रीअरविंद.

१८९३ मध्ये बडोद्यास आलेल्या अरविंदांना एकदम मोठ्या पदावर बसवले गेले नाही. आधी जमीन पाहणीच्या खात्यात, मग स्टॅम्प आणि महसूल खात्यात आणि नंतर सचिवालयात, अशा क्रमाने त्यांना काम शिकण्यास ठेवले गेले. हुशार पण अननुभवी माणसाला कारभाराची पायरी पायरीने ओळख करून देण्याची ही पद्धत, म्हणजे आपल्याकडची जुनी उमेदवारीच. सुताराच्या हाताखाली पोरगा जसा आधी लाकूड उचलायला, मग रंधा धरायला आणि शेवटी सांधा जुळवायला शिकतो, तशी.

पण अरविंदांचे मन या कागदांत रमले नाही. त्यांचा ओढा भाषा आणि साहित्य यांकडे होता. ही गोष्ट लक्षात आल्यावर त्यांना बडोदा कॉलेजकडे वळवण्यात आले. तेथे त्यांनी आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवले. महाराजांच्या लेखनकामातही त्यांचे साहाय्य घेतले जाई. १९०६ पर्यंत ते बडोद्यात होते. उमेदवारीचा हा प्रयोग फसला, असे म्हणता येईल. परंतु एखादा माणूस कोणत्या कामासाठी नाही, हे वेळीच कळणे हाही उमेदवारीचाच लाभ आहे. मात्र ते कळल्यावर त्याला योग्य जागी हलवण्याची तयारी धन्याकडे असावी लागते. येथे ती होती.

कलाभवनाचे स्वप्न

कारागिरांच्या शिक्षणाचा प्रयोग याहून मोठा होता. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. त्याचे शिल्पकार होते रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला, सुतारकाम असे विषय तेथे शिकवले जात. गज्जरांचा आग्रह होता की, तंत्रविद्या मातृभाषेतून शिकवली पाहिजे. ज्याच्या हाताला रंगाची कढई आणि माग यांचा सराव आहे, त्याला आधी इंग्रजी शीक आणि मग रसायनशास्त्र शीक, असे सांगण्यात अर्थ नाही, अशी या आग्रहामागची भूमिका होती. देशी भाषांत शास्त्रीय आणि तांत्रिक पुस्तके तयार करण्याच्या कामालाही महाराजांनी पैसा दिला. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हेही काही काळ या संस्थेत शिकले होते.

कलाभवन नावारूपाला आले. तेथे काम करता करता शिकण्याची सोय होती आणि भाषेचा अडसर नव्हता, हे त्याचे बळ. त्याची मर्यादा संस्थेच्या भिंतींबाहेर होती. शिकून बाहेर पडलेल्याला सामावून घेतील एवढे उद्योग तेव्हा बडोदे राज्यात नव्हते. गिरण्या मोठ्या प्रमाणात होत्या त्या मुंबईला आणि अहमदाबादला. स्वतः गज्जरही १८९६ मध्ये मुंबईला गेले. शिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालायची तर शाळेइतकीच कारखान्याचीही काळजी घ्यावी लागते. पुढे महाराजांनी उद्योगांना जे उत्तेजन दिले आणि १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची जी स्थापना झाली, तिच्याकडे या दृष्टीनेही पाहता येते.

पुस्तकांबरोबर तयार झालेली माणसे

सयाजीरावांचा सर्वांत निर्दोष ठरलेला प्रशिक्षणाचा प्रयोग ग्रंथालयांचा होता. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते आणि १९०६ मध्ये ती सक्ती संपूर्ण राज्यात लागू केली होती. शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचायला काही मिळाले नाही तर विसरले जाते, हे त्यांनी ओळखले. १९१० च्या अमेरिका प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले आणि विल्यम अॅलनसन बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास बोलावले.

बॉर्डन यांनी एक मोठे ग्रंथालय उभारून काम संपवले नाही. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी चालू असतानाच, १९११ मध्ये, त्यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण देणारा हा पहिला वर्ग मानला जातो. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील हजारो ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. खेड्यापाड्यांत ग्रंथालये निघाली आणि जेथे ती निघणे शक्य नव्हते तेथे पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिकही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

१९१३ मध्ये बॉर्डन मायदेशी परतले. बाहेरचा तज्ज्ञ गेला की काम थंडावते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही, कारण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी आणि राज्यातील इतर कार्यकर्त्यांनी ते काम पुढे नेले. वर्गात जे शिकवले गेले ते करायला प्रत्यक्ष ग्रंथालये वाट पाहत होती. शिकणे, काम आणि कामाची जागा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आकाराला येत होत्या. वर्गातून उठलेल्या माणसाला पुस्तकांची मांडणी कशी करावी हे सांगणारे जुने कारकून कचेरीत बसलेले नव्हते. ग्रंथालय नवे, पद्धत नवी आणि माणूसही नवा होता.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व पुढच्या प्रसंगात कळते, कारण तेथे माणूस नवा होता आणि कचेरी जुनी.

१९१७ : कचेरी

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी सयाजीरावांनी कारकिर्दीच्या प्रारंभीच स्वतंत्र शाळा काढल्या होत्या. त्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे द्यावी लागली. हुकूम काढता येतो, इमारत बांधता येते, पगार देता येतो. पण शिकवणाऱ्याच्या मनातली किळस हुकमाने जात नाही, याचा हा पहिला अनुभव होता.

भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांच्या शिफारशीवरून महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. पदवीनंतर १९१३ च्या प्रारंभी भीमराव बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईस परतावे लागले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे राज्याची सेवा करायची, अशी त्यात अट होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनमध्ये अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून, भीमराव १९१७ मध्ये भारतात परतले आणि करारानुसार सप्टेंबरात बडोद्यास गेले.

महाराजांच्या मनात त्यांच्यासाठी मोठी योजना होती. त्यांना राज्याच्या कारभाराचा अनुभव द्यावा आणि कालांतराने अर्थखात्याची जबाबदारी सोपवावी, असा विचार होता. त्यासाठी आधी महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. अरविंदांच्या वेळी वापरलेलीच ही उमेदवारीची पद्धत. कारभारात येणारा तरुण या वेळी जागतिक दर्जाचे अर्थशास्त्र शिकून आला होता. तयारीत कसलीही उणीव नव्हती.

उणीव कचेरीत होती. स्थानकावर त्यांना घ्यायला माणूस पाठवावा, असा महाराजांचा हुकूम होता, पण कोणीही आले नाही. कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रे लांबूनच टाकत. शिवाशिव होऊ नये म्हणून सतरंजी गुंडाळली जाई. पिण्याचे पाणी मिळेना. शहरात कोणतीही खाणावळ वा हॉटेल त्यांना राहू देईना. शेवटी पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. खरी ओळख उघड झाल्यावर हातात काठ्या घेतलेले पारशी तेथे चालून आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. ओळखीच्या माणसांकडे आसरा मागितला तर तोही मिळाला नाही. महाराजांना त्यांनी आपली अडचण कळवली. महाराजांनी ती दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडे सोपवली आणि दिवाणांनी असमर्थता व्यक्त केली. शहरातल्या सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीने आंबेडकर मुंबईला परतले. दहा वर्षांच्या सेवेचा करार काही दिवसांतच संपला.

प्रशिक्षण का फसते, याची जी कारणे नेहमी सांगितली जातात, त्यांतले एकही येथे लागू पडत नाही. विद्यार्थी असामान्य होता, शिक्षण उत्कृष्ट होते, खर्च करणारा राजा उदार होता आणि पुढच्या पदाची आखणीही झाली होती. चार वर्षांचा हा सारा खटाटोप मेजावर लांबून पडणाऱ्या एका फायलीपाशी अडला. ज्या माणसाला शिकवायचे त्याच्यावर सगळा भर दिला गेला होता. ज्यांच्यासोबत त्याला काम करायचे होते, त्यांना काहीच शिकवले गेले नव्हते. शिपाई, कारकून, खातेप्रमुख आणि दिवाण यांच्यापैकी कोणालाही आपले वागणे बदलण्याची गरज वाटली नाही आणि त्यांनी ते बदलले नाही म्हणून त्यांच्यापैकी कोणाचे काही बिघडलेही नाही.

यात महाराजांचा दोष किती, हा प्रश्न टाळता येत नाही. अस्पृश्यतेविरुद्ध ते मनापासून होते. पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. पण व्यासपीठावरून पटवलेली गोष्ट कचेरीच्या दारातून आत न्यायची, तर रोजच्या देखरेखीची आणि प्रसंगी शिक्षेची जरब लागते. एका तरुणाला राहायला घर मिळवून देणे हे राज्याच्या धन्याला अशक्य नव्हते. त्यांनी प्रकरण दिवाणांकडे पाठवले आणि रीतसर मार्गाने गेलेला तो कागद रीतसर निकालात निघाला. ज्या राजाने तरुणपणी बारीकसारीक कागद स्वतः हाताळून प्रकृती बिघडवून घेतली, त्याने हा एक कागद मात्र स्वतःकडे ठेवायला हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

उरलेले

सयाजीरावांची कारकीर्द त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ चालली. १९३१ मध्ये त्यांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध झाला. इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय देणारा हा कोश म्हणजे, कारभार लोकांच्या भाषेत चालावा आणि कारकुनाला आपण काय लिहितो हे कळावे, या आग्रहाचे फळ होते. कलाभवनाच्या वेळी मातृभाषेचा जो विचार मान्य झाला होता, तो चाळीस वर्षांनंतरही त्यांनी सोडलेला नव्हता. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. कवळाण्याहून बडोद्यास आलेल्या त्या मुलाने तोवर ६३ वर्षांहून अधिक काळ राज्य केले होते.

आज प्रशिक्षणाचा वर्ग म्हटला की एक ठरावीक चित्र उभे राहते. दोन दिवसांचे सत्र, बाहेरगावचे वक्ते, पडद्यावरची चित्रे, जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि सामुदायिक छायाचित्र. सोमवारी कर्मचारी आपल्या जागेवर परततो, तेव्हा त्याचा वरिष्ठ जुन्याच पद्धतीने काम मागतो, शेजारचा सहकारी नव्या पद्धतीला हसतो आणि आठवडाभरात सारे पूर्वपदावर येते. मग वर्ग घेणाऱ्याला किंवा वर्गात बसणाऱ्याला बोल लावला जातो. बडोद्याची हकीकत सांगते की चौकशी कचेरीपासून सुरू करावी. वर्गाला जाण्यापूर्वी विचारायचे प्रश्न साधे आहेत. शिकवणारा ते काम स्वतः करतो का? शिकलेले लगेच वापरायला काम आहे का? परत येणाऱ्याच्या वरिष्ठाला आणि सोबत्यांना या शिक्षणाची माहिती आहे का आणि ते त्याला ते वापरू देतील का? माधवरावांच्या व्याख्यानांच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी होती, बॉर्डन यांच्या वर्गाच्या बाबतीत तिन्हींची. आंबेडकरांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी आधी विचारलेच नव्हते.

वडोदऱ्यात जुन्या शहरातल्या मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे आणि लोक तेथे वाचायला जातात. ज्या सार्वजनिक बागेत आंबेडकर त्या दिवशी बसले होते, तीही सयाजीरावांनीच लोकांसाठी करून दिलेली आहे. तिला आज सयाजीबाग म्हणतात आणि ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दर वर्षी सप्टेंबरात तेथे मोठ्या संख्येने लोक येतात. शहर पाहायला गेलेल्याने यांपैकी एकच ठिकाण पाहून परतू नये.